गोल टोकाची कैंची

गिरिजा : ही कैंची कुणासाठी आणलीस, पंचशील? खरं सांग. आपल्या घरात नर्सरीतलं कोणी नाही.

पंचशील : तुझ्यासाठीच, आई. बँकेतून येताना पलासियाच्या बाजारातून घेतली. सेफ आहे. टोक गोल आहे ना, लागणार नाही.

गिरिजा : गोल आहे ते दिसतंय मला. वर ससा पण काढलाय! अरे, बुद्धपौर्णिमेच्या कंदिलाला पिंपळपान कापायचंय. आधी आतल्या बारीक शिरा काढायच्या, मग कड. हे थोबाड शिरांच्या मधे जाणार कसं? कागद चावून ठेवेल नुसता.

पंचशील : म्हणून तर हा पंच पण आणला. दाबलं की पान तयार.

गिरिजा : बटणाएवढं पान! विहाराच्या दारात टांगायचा कंदील आहे तो, तुझ्या बँकेची फाइल नाही. माझी मूठ कुठाय?

पंचशील : कोणती मूठ?

गिरिजा : आता बनू नको. ऑपरेशनच्या चाकूची. तुझे बाबा महूच्या मिलिटरी हॉस्पिटलातून रिटायर झाले तेव्हा त्यांच्या साहेबांनी दिलेली. मेडिकलवरून नवं पातं पण आणून ठेवलंय मी. पातं आहे, मूठ गायब!

मोनाली : पप्पा, दे ना यार. आजी सकाळपासून सगळे ड्रॉवर उलटे करतेय.

पंचशील : मोनाली, तू बीच में मत बोल. आई, मधे बोट कापलंस, शुगरमुळे ती जखम भरेचना. डॉक्टर मला ओरडला, तुला नाही.

गिरिजा : ते भेंडी चिरताना कापलं होतं! मग सुरी का नाही लपवलीस? भाजी हवीय ना सगळ्यांना!

मोनाली : पॉइंट आहे, पप्पा.

पंचशील : आई, गुस्सा नको करू. बाजारात मशीनवर कापून मिळतं सगळं. एकदम साफ. कोणाला फरक नाही पडत.

गिरिजा : मला पडतो. मागच्या वर्षी पण पडला होता.

पंचशील : मागच्या वर्षी काय?

गिरिजा : विहारात लावलेलं पान माझं नव्हतं. आत दिवा लागला तेव्हाच कळलं मला. डावी बाजू, उजवी बाजू, सगळं सारखं. माझ्या हातून आजवर दोन शिरा सारख्या निघाल्या नाहीत. पिंपळाच्या पण नसतात.

मोनाली : मी म्हटलं होतं ना पप्पा, आजीला समजेल.

गिरिजा : म्हणजे तुला पण माहीत! शाब्बास! तिथे बायका म्हणतायत, गिरिजाताई, काय हात आहे तुमचा. आणि मी आपली हात जोडून उभी. काय सांगू त्यांना? माझ्या मुलानेच मला फसवलं म्हणून? तुझं नाव पंचशील ठेवलं रे आम्ही. दर रविवारी वंदनेला बसतोस, खोटं बोलणार नाही म्हणतोस, ते चौथं शील घरी येईपर्यंत विसरतोस?

पंचशील : आई, तुझा हात हलला होता. पानाचा देठ तुटला होता. लोक काय म्हणाले असते? म्हणून घाईत बदललं.

गिरिजा : म्हणाले असते, म्हातारीचा हात हलतो. हलतोच! त्याची कसली लाज? लाज मला त्या कौतुकाची वाटली.

मोनाली : आजी, तुझं पान मी फेकलं नाही. माझ्या पुस्तकात ठेवलंय. सच्ची. आणि मूठ पप्पाच्या टिफिनच्या बॅगेत आहे.

पंचशील : मोनाली!

मोनाली : काय मोनाली? थांब आजी, आणते.

(मोनाली मूठ आणून देते. गिरिजा पातं बसवते आणि मूठ पंचशीलपुढे धरते.)

गिरिजा : धर.

पंचशील : मी? मला कुठे येतं हे?

गिरिजा : पातं टेकव आणि तसंच धरून ठेव. ते फिरवायचं नसतंच. फिरतो तो कागद, आणि कागद मी फिरवते. दोन्ही तळवे टेकले की नाही हलत माझे हात. बघ.

पंचशील : आई, थांब जरा. माझाच हात थरथरतोय.

गिरिजा : थरथरू दे.

पंचशील : अगं, देठ तुटेल.

गिरिजा : तुटला तर तुटलेला लावू.