फुलांमधली कुपी

भाची : मामा, दादाचं लग्न झालं त्या वर्षी आली ना ही एन्झाइमची कुपी? जेवणाच्या ताटावरून उठून तुम्ही ती फ्रीजरमध्ये ठेवायला धावला होतात.

सर : इथे सर म्हण. धावलो म्हणूनच टिकली.

भाची : टिकली नाही, सर. तेच सांगायला आलेय.

सर : प्रयोग तुझा फसला आणि खापर कुपीवर? पेशीला जे प्रथिन नको असतं, त्यावर ती मोडीत काढण्याची चिठ्ठी डकवते. हे एन्झाइम ती चिठ्ठी सोडवतं आणि प्रथिन वाचतं.

नाना : म्हणजे दर वर्षी सरांना मुदतवाढ मिळते, तसंच की!

सर : नाना, तुम्ही फ्रीजर पुसा. हं, तर तुझ्या प्रथिनावरची चिठ्ठी निघाली नाही. या एन्झाइमने ती निघते, हे तुझं म्हणणंच चुकलं. प्रबंधात तसं लिही आणि मोकळी हो.

भाची : सगळा प्रबंध त्या एका म्हणण्यावर उभा आहे. मोकळी कसली, उघड्यावर पडेन.

सर : ताईला मी समजावतो.

भाची : आईला नका समजावू, माझं ऐका. ज्याची चिठ्ठी हमखास निघते, त्या नमुन्यावरही मी हे घालून पाहिलं. ढिम्म हललं नाही.

सर : हात चुकला असेल.

भाची : मग शेजारच्या प्रयोगशाळेतून हेच एन्झाइम थेंबभर मागून आणलं. चाचणीपुरतंच दिलं त्यांनी. हात तोच, नमुना तोच, आणि चिठ्ठ्या पटापट निघाल्या.

सर : त्यांच्या दारात गेलीस मागायला? नाक कापलंस माझं! नाना, सांगा हिला, कुपीची कधी हेळसांड झाली का?

नाना : छे हो! लेकरासारखी जपलीय. पाहुणे आले की मीच काढतो. बर्फ धरल्यावर नाव वाचता येत नाही, म्हणून मुठीत घेऊन चांगली ऊब देतो. वितळली की कशी लख्ख दिसते! पाहुणे गेले की पुन्हा गोठायला.

भाची : दर पाहुण्याला?

नाना : तर! सरांचे व्याही आले होते, त्यांनासुद्धा दाखवली.

भाची : सर, आल्या दिवशीच ते थेंबाथेंबाने वेगळं करून ठेवायचं असतं. लागेल तेवढंच वितळवायचं. पुन्हा पुन्हा वितळवून गोठवलं की एन्झाइम मरतं.

सर : थेंब थेंब केल्यावर दाखवायचं काय? भरल्या कुपीची शान वेगळी. माणसाचं एन्झाइम, जिवाणूंकडून घडवून घेतलेलं! लोक तोंडात बोट घालायचे.

भाची : आणि वापरलं कोणी?

सर : एवढी मोलाची वस्तू कोणी उठसूट वापरतं का?

नाना : सर, उद्या तपासणी समिती यायचीय. सकाळीच ऊब देऊन ठेवू?

भाची : उद्या तुम्ही कुपी जिवंत म्हणालात, की माझं काम खोटं ठरलं. नवी मागवायची तर जुनी गेली, हे तुमच्याच तोंडून यायला हवं.

सर : विभागप्रमुखाने नुसती मिरवली, म्हणतील.

(सर फ्रीजरकडे पाहतात.)

सर : नाना, माझ्या सत्काराला कुपी कुठे होती हो?

नाना : तुमच्यापुढेच की, टेबलावर, फुलांच्या मधोमध. मी उचलायला आलो तर तुम्ही डोळे वटारलेत. म्हटलं, भाषण संपू दे.

सर : कोणाचं चाललं होतं?

नाना : तुमचंच.

भाची : मामा, वीज गेली होती म्हणू या. कोण विचारतंय?

सर : नको. विजेला कशाला बोल लावायचा? उद्या मीच सांगेन. एन्झाइम मेलं, माझ्या सत्काराच्या दिवशी दुपारी, मी बोलत असताना.