‘वन्स मोअर’ कोण देणार?

रत्नागिरीत संगीत नाटकाचा तंबू लागलेला. तिकिटाच्या रांगेत विठू तांडेलाच्या पुढ्यात एक नवरा-बायको हळू आवाजात भांडत होती.

“नायिकेचं पद संपलं की ‘वन्स मोअर’ ओरडा हां!”

“मी? भर तंबूत? तूच ओरड.”

“बायकांत बसून? लोक काय म्हणतील!”

“एकदा ऐकून पुरत नाय तुला?”

“एकदा ऐकून अर्धंच ध्यानात ऱ्हातं. घरी सासूबाय हातरुणाला खिळल्यात, त्यांना अख्खं गाऊन दाखवायचंय. आई तुमचीच ना?”

“माझा आवाज नाय फुटायचा, हौसा.”

“बैलांवर बरा फुटतो!”

विठूला राहवेना. “वयनी, मी ओरडतो की.”

“नको भाऊ. आई यांची हाय. तुमी फक्त यांच्या बाजूला बसा, नि येळ आली की करकचून चिमटा काढा.”