अच्युतरावांचा शिक्का आणि टाकीतला भीमा

या, बसा मंडळी, पुढं सरका! खांबाला टेकलेले काका, तुम्हीसुद्धा. तिथनं दार दिसतं म्हणून तिथं बसलात ना? आणि दारातनं चपला दिसतात म्हणून! मला सगळं कळतं. चाळीस वर्षं कीर्तन करतोय. कुणाचा डोळा देवावर आणि कुणाचा चपलेवर, हे इथनं बरोबर दिसतं.

हसू नका. आजचा प्रश्नच तो आहे. सांगा मला — संशय हा घराचा राखणदार, की घरात शिरलेला चोर? दाराला कडी लावावी, हे शहाणपण. पण कडी लावल्यावर उठून उठून ती बघणं, हे काय? बघायला म्हणून उघडायची, परत लावायची, परत उघडायची! अहो, चोराला तेवढंच हवं असतं.

ओळ ऐका — उघडिसी मना, दुजाचे झाकण । आपुले दर्पण पाहसी ना ॥ ही ओळ माझीच आहे हं. संतांची म्हणून खपवत नाही. नाहीतर आमचे पेटीवाले जोगळेकर घरी जाऊन गाथा चाळतील!

आता आख्यान. पुराणातलं नाही, मिरजेतलं. अच्युतराव कुरुंदवाडकर नावाचे गृहस्थ. नोकरी कसली? वजनमापं तपासणारे निरीक्षक! बाजारात शिरले की दुकानदारांचे हात थंड पडायचे. तराजू बरोबर असला की हे त्याला तार ओवायचे, तारेला शिशाचा मणी, आणि मणी पकडीत दाबून शिक्का. आता तार तोडल्याशिवाय आत हात घालता येणार नाही! एकतीस वर्षं हेच केलं. निवृत्तीला सरकारी पकड जमा केली, पण सवय कुठं जमा करणार? लोहाराकडनं तसलीच एक पकड घडवून घेतली. कशाला? घरातल्या साखरेच्या डब्याला शिक्का! माउली, हसताय काय, तुमच्या डब्याखाली खूण केलेली नाही?

घरात दोघंच. ते आणि सुमतीबाई. दीड वर्षापूर्वी सुमतीबाईंच्या अंगावरून वारं गेलं. वाचा गेली, हातपाय लुळे पडले. डोळे तेवढे जागे. सगळं कळायचं, सांगता काही यायचं नाही. त्यांना बघायला दिवसा केराबाई यायच्या. नवरा नसलेली, कष्टाची बाई. मुलानं बंगलोरहून आईला विरंगुळा म्हणून माशांची टाकी पाठवली — सहा फूट लांब, पाचशे लिटर पाण्याची. त्यात दहा चंदेरी मासे आणि एक हा तळहाताएवढा ऑस्कर मासा, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे. त्याचं नाव भीमा.

आणि एक दिवस काय झालं, भीमा काचेशी आला, सुमतीबाईंकडं टक लावून बघत राहिला. आणि सुमतीबाईंचा उजवा हात — जो डॉक्टरांना उचलवता आला नाही तो हात — मांडीवरनं चार बोटं वर आला! काचेकडं! डॉक्टर म्हणाले, "अच्युतराव, या माशाला जपा. हा हात तोच उचलतोय." म्हणजे बघा मंडळी, त्या माशाच्या जिवाला त्या बाईचा हात बांधलेला.

आता एवढी मोठी टाकी, आणि तिचा फिल्टर होता लहान. पाणी गढूळ व्हायला लागलं. मोठा हवा, कॅनिस्टर फिल्टर. म्हणजे काय? बादलीएवढा बंद डबा. तो टाकीखालच्या कपाटात बसतो. एका नळीनं घाण पाणी खाली येतं, आतल्या स्पंजातनं, चिनी मातीच्या कड्यांतनं जातं आणि दुसऱ्या नळीनं स्वच्छ होऊन वर. अच्युतराव निघाले खरेदीला. आणि ते खरेदीला निघाले म्हणजे धाड पडली म्हणायची!

पहिले कोपर्डेकर. खोक्यावर छापलेलं, तासाला दोन हजार लिटर. दुसरे बशीरभाई. त्यांच्या खोक्यावर दीड हजार. अच्युतराव म्हणाले, "दोन्ही घरी पाठवा. मोजल्याशिवाय घेत नाही." आणि मोजलं बरं का! पन्नास लिटरचं पिंप आणलं, घड्याळ हातात घेतलं, एकेक डबा लावला. दोन हजारवाला किती भरला? अकराशे ऐंशी! दीड हजारवाला? अकराशे चाळीस! तडक कोपर्डेकरांना फोन.

"आठशे वीस लिटर कुठं गेले?"

"साहेब, खोक्यावरचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो. आत स्पंज नाही, कड्या नाहीत, पाणी वर चढवायचं नाही—"

"म्हणजे उताराला गाडी सोडायची आणि मायलेज सांगायचं!"

इथं अच्युतराव चुकले का? नाही हो! शंभर टक्के बरोबर. खोकं फुगवूनच सांगतं, मग ते फिल्टरचं असो की लग्नाच्या बायोडाटाचं. एवढ्यावरच थांबले नाहीत. डब्याखाली वर्तमानपत्र घातलं, थेंब गळतो का बघायला. विजेचं मीटर लावलं. मोटर घरघरते का म्हणून पालथं पडून कान लावला. शेवटी ठरलं, दोघांत खोटं कमी कुणाचं? बशीरभाईंचं. घेतला तो. छान निवड!

पण बशीरभाई तो लावायला आले, जुन्या फिल्टरातल्या मुरलेल्या कड्या त्यात भरल्या आणि जाताना एक वाक्य बोलून गेले. सगळं त्या वाक्यानं घडलं.

"साहेब, आता दोन महिने हा उघडू नका. आत गाळ दिसेल, दिसू द्या. आणि नंतर धुवायचाच झाला तर नळाखाली नको, टाकीतल्याच पाण्यात हलका खळबळून घ्या."

झालं! अच्युतरावांच्या कपाळावरची शीर उडाली. "उघडू नका"? एकतीस वर्षांत असले शब्द त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकले होते? एका किराणावाल्याच्या. "साहेब, वजन उलटं करू नका, हात घाण होतील." उलटं केलं तर बुडाला भोक! शिसं काढलेलं आणि वर लाख भरलेली. त्या दिवसापासनं त्यांचा नेम झाला होता — जो म्हणतो उघडू नका, त्याचं आधी उघडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला डबा उघडला. चोरी? काही नाही. पण कड्यांवर बुळबुळीत थर. "बघा, बघा! हे लपवत होता लेकाचा!" घेतल्या कड्या नळाखाली. घासून घासून पांढऱ्याशुभ्र केल्या. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी परत. पाणी कसं झालं म्हणता? आरशासारखं! आरपार! आणि आठव्या दिवशी पहिला चंदेरी मासा पोट वर करून तरंगायला लागला.

दहाव्या दिवशी दोन. बाराव्या दिवशी आणखी एक. भीमा तळाशी बसलेला, कल्ले धापा टाकतायत, काचेशी यायचं नावच नाही. आणि मासा येईना म्हणून तिकडं सुमतीबाईंचा हातही उठेना.

आता अच्युतरावांचं डोकं बघा कसं चालतं. पाणी निर्मळ आहे ना? हो. फिल्टर रोज घासतोय ना? हो. तरी मासे मरतायत. म्हणजे? म्हणजे कुणीतरी काहीतरी टाकतंय! घरात तिसरं माणूस कोण? केराबाई. खाऊ कोण घालतं? केराबाई. आणि केराबाईंच्या कमरेला काय? मिश्रीची डबी! तंबाखू! जुळलं का नाही? अहो, संशयाचं गणित कधी चुकत नाही. उत्तर आधी लिहून मग बेरीज मांडलेली असते.

केराबाई पेजेची वाटी घेऊन आल्या, तर हे मध्ये उभे. "डबी उघड!"

"का वो सायेब?"

"उघड म्हणतो ना! पाण्यात काय टाकतेस?"

"म्या? त्या मुक्या जिवाच्या पान्यात? सायेब, बाईंचा हात त्याच्यामुळं उठतोय, हे मला ठावं न्हाई व्हय?"

हे वळले सुमतीबाईंच्या खुर्चीकडं. "तू दिवसभर इथं बसतेस. तू पाहिलं असशील. दाखव, कोण मारतंय माशांना?"

आणि मंडळी, इतके दिवस न उठलेला हात उठला! थरथरत, घाम फुटला त्या माउलीला, पण उठला. एक बोट पुढं झालं. समोर. अच्युतराव कुठं उभे होते? समोर. पण अच्युतरावांनी काय केलं? बोटाच्या रोखानं मागं वळून बघितलं. मागं कोण? वाटी घेतलेल्या केराबाई!

"बघितलंस? माझ्या बायकोनं दाखवलं!"

सुमतीबाई मान हलवतायत. नाही, नाही, नाही! डोळ्यांतनं धार लागलेली. आणि हा माणूस म्हणतो, "भिऊ नकोस. आता ती या घरात येणार नाही."

केराबाईंनी वाटी खाली ठेवली. पदरानं सुमतीबाईंचं तोंड पुसलं आणि गेल्या. मला राग येतो हो इथं. दर वेळी येतो. दीड वर्ष त्या बाईनं उष्टं काढलं, पाठ चोळली, आणि तिची झडती घेऊन तिला काढलं!

आता चोर गेला, मासे जगायला हवेत. नाही का? पण सोळाव्या दिवशी आणखी दोन गेले. मग काढली अच्युतरावांनी पकड. टाकीच्या झाकणाला तार, तारेला मणी, दाबला शिक्का. फिल्टरच्या चापांना तार, मणी, शिक्का. आणि एक वही! शिक्का कधी मारला, कधी तुटला, कुणी तोडला, खाली सही. आता हात लावून दाखवा म्हणावं! खाऊ स्वतः घालायचे, झाकणाचा शिक्का तोडून, परत मारून. सगळं शिस्तीत.

चोविसाव्या दिवशी भीमा आडवा झाला. मेला नव्हता, पण कलंडलेला, एक कल्ला हलतोय. अच्युतरावांनी बशीरभाईंना फोन केला. "ताबडतोब या! तुमच्या डब्यानं माझं घर बुडवलं. नाहीतर तक्रार करतो."

बशीरभाई आले. टाकीकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, शिक्के बघितले. मग विचारलं, "साहेब, ही वही कसली?"

"पुरावा! वाचा. मोठ्यानं वाचा!"

बशीरभाईंनी चष्मा लावला. "सोमवार, सकाळी सहा. फिल्टरचा शिक्का तोडणारा — अ. वि. कुरुंदवाडकर. कारण — कड्या नळाखाली धुणे. मंगळवार, सकाळी सहा. तोडणारा — अ. वि. कुरुंदवाडकर. कारण — कड्या धुणे. बुधवार..." वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला. "साहेब, सगळीकडं एकच नाव आहे."

"मग? मी तर स्वच्छ करतोय!"

"साहेब, तो बुळबुळीत थर घाण नव्हता. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. माशांच्या विष्ठेतनं पाण्यात जे विष होतं, ते हेच जीव खातात. तेच खरा फिल्टर. डबा नुसतं त्यांचं घर. तुम्ही रोज सकाळी त्यांना क्लोरीनच्या पाण्यानं मारत होता. विष पाण्यात दिसत नाही. पाणी आरशासारखंच राहतं."

आता अच्युतराव आधारासाठी म्हणून बायकोकडं वळले. आणि सुमतीबाईंचा हात परत वर आलेला! तेच बोट. तोच रोख. अच्युतरावांनी सवयीनं मागं वळून बघितलं.

मागं कुणी नव्हतं. केराबाई तर कधीच गेल्या होत्या. मागं होती नुसती भिंत.

विठ्ठल, विठ्ठल... तबलजी, थांबा जरा.

बशीरभाई धावत दुकानात गेले. त्यांच्या जुन्या टाकीतला काळाकुट्ट, घाणेरडा स्पंज आणि कड्या घेऊन आले, डब्यात भरल्या. अर्धं पाणी काढून दुकानातलं मुरवलेलं, क्लोरीन उडालेलं पाणी घातलं. आणि अच्युतराव? ते चालत केराबाईंच्या खोपटापर्यंत गेले. दारात उभे. एकतीस वर्षांत कुणाला "माझं माप चुकलं" म्हणायची सवयच नव्हती! शेवटी म्हणाले, "केराबाई, मासे मी मारले. आणि तुम्हाला चोर ठरवलं. मला क्षमा करा."

केराबाई एवढंच म्हणाल्या, "बाईंनी पेज खाल्ली का?"

"तुम्ही गेल्यापासनं नीट खाल्लेली नाही."

"मग येते. तुमच्यासाटनं न्हवं."

त्या आल्या. अच्युतरावांनी फिल्टरच्या चापांत तार ओवली, मणी अडकवला आणि पकड केराबाईंच्या हातात दिली. "शिक्का तुम्ही मारा. दोन महिने मी याला हात लावायचा नाही. तुटलेला दिसला तर चोर मी." केराबाईंनी दोन्ही हातांनी पकड दाबली. रोज सकाळी सहाला अच्युतराव त्या डब्यासमोर येऊन बसायचे, हात मांडीखाली दाबून! शपथेवर सांगतो, एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढे कष्ट त्यांना पडले नसतील.

अकराव्या दिवशी भीमा सरळ झाला. तिसऱ्या आठवड्यात काचेशी आला. आणि सुमतीबाईंचा हात उठला. चंदेरी सहा गेले ते गेलेच मंडळी, ते काही परत आले नाहीत. संशयाचं असंच असतं. तो मिटतो, पण त्यानं नेलेलं भरून देत नाही.

आता तुमच्याकडं वळतो. सुनेचा डबा कोण उघडून बघतं? मुलाचा फोन तो अंघोळीला गेला की कोण चाळतं? जरा कुठं विश्वासाचा थर धरायला लागला की सकाळी सहाला नळाखाली घासायला कोण नेतं? खाली बघू नका, माझ्याकडं बघा! आणि मला हसू नका, कारण माझीही कबुली आहे. आज देवळात येताना मी एक चप्पल तुळशीमागं ठेवली आणि दुसरी पेटीच्या खोक्यात. जोगळेकर, उघडून बघा. आहे ना? चाळीस वर्षं कीर्तन करणाऱ्याची ही तऱ्हा!

तेव्हा उठा, आरती घ्या, देवाचं नाव घ्या आणि घरी जा. आणि उद्या घरात कुणी मुक्यानं बोट उचललं, तर बाबांनो, मागं वळून बघू नका. मागं कुणी नसतं.