लोणी तेच, महिना वेगळा!

...नाही, ते सगळं राहू द्या, मला आधी एवढंच सांगा, लोण्याला कॅलेंडर कळतं का? लोण्याचा डबा उघडायचा, भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्यापुढे धरायचं आणि विचारायचं, काय रे बाबा, आज तारीख कुठली? सांगेल? आणि गाईला तरी कळतं का? महिनाअखेर आली म्हणून गाय जरा उरकून दूध देते, असं पाहिलंय कुणी? नाही ना? पण आमच्या कचेरीत बसलेल्यांना वाटतं, कळतं! आणि त्या कॅलेंडरापायी माझ्या जिवाचे जे हाल झालेत ना, तुम्हाला सांगतो, ऐकाच तुम्ही. आधी बसा. उभ्या उभ्या ऐकण्यासारखं नाही हे.

मी डेअरीत निर्यात बघतो. म्हणजे आमचं लोणी परदेशी जातं, ते मी पाठवतो. सासरेबुवांनी मुलगी दिली ती यावरच! "मुलगा लोणी परदेशी पाठवतो" असं सगळ्या नात्यागोत्यात सांगून झालंय. त्याआधी मी भुकटीच्या गोदामात होतो, दुधाच्या भुकटीच्या, ते मात्र सासरेबुवा कुणाला सांगत नाहीत. कसलं गोदाम म्हणता? पोती भरा, पोती मोजा, पोती उचला आणि संध्याकाळी भुतासारखे पांढरेफटक होऊन घरी या. खोकला असा लागला होता, की लग्नाच्या बोलणीत मुलगी "चहा घेणार का" विचारते तर मी आपला खोकतोय. तिला वाटलं, नको म्हणतोय. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा त्या धुळीत पाऊल टाकू नका. म्हणून लोणी. समजलं? लोणी म्हणजे माझी छाती आहे, साहेब, माझी छाती!

आता गंमत बघा. गंमत कसली, संताप बघा! निर्यात कधी झाली म्हणायची? जहाजानं किनारा सोडला, की झाली. ते जहाज ज्या महिन्यात सुटलं, त्या महिन्यात मोजायची. ठीक आहे, मोजा! पण आमचा सगळ्यात मोठा माल सुटतो महिन्याच्या शेवटी. आणि तेव्हा बंदराच्या फाटकावर कोण उभा असतो? तपासनीस! त्याला आम्ही थर्मामीटर म्हणतो. अहो, फ्रीजवाल्या कंटेनरच्या बाहेर काचेत आकडा दिसतो, आत किती थंडी आहे त्याचा. लहान पोरालाही वाचता येईल. पण ह्याचा विश्वास नाही! "यंत्राचं काय सांगता, यंत्र खोटं बोलतं. हात खोटं बोलत नाही." असं म्हणतो, दार उघडतो, आत हात घालतो, डोळे मिटून उभा राहतो, नाडी बघितल्यासारखा, आणि म्हणतो, "आहे. थंड आहे." लावतो दार. झालं? कसलं होतंय! चार पावलं जातो, परत येतो. "आता राहिलंय का थंड, बघू." पुन्हा दार! वर ऊन कसलं रणरणतंय, आणि हा आपला उघडतोय, लावतोय, उघडतोय, लावतोय, शेजारच्या टेबलावरच्यालाही बोलावतो, "ये, तूही बघ, काय गार लागतं!" आणि काचेतला आकडा चढतोय, चढतोय... आणि मग हाच माणूस माझ्याकडे वळून काय म्हणतो?

"बघा! मी म्हणत नव्हतो? गरम झालंय!"

अहो, तुम्ही दार उघडलंत म्हणून झालं!

"आवाज खाली. गरम माल जहाजावर चढत नाही. नियम आहे."

मी हातापाया पडायचा बाकी होतो. शेवटी कंटेनर पुन्हा थंड होईपर्यंत बाजूला उभा केला, जहाजानं भोंगा वाजवला आणि गेलं. पुढचं जहाज पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला. लोण्याचं काय बिघडलं? काही नाही. तेच लोणी, तोच कंटेनर, तेच गिऱ्हाईक. लोणी तेच, महिना वेगळा! एवढंच झालं. एवढंच!

पण नाही. महिन्याचे आकडे लागले त्या संध्याकाळी घरी येतो तर सासरेबुवा टीव्हीसमोर. ते आमच्याकडेच राहतात आणि व्यापाराच्या बातम्या सोडून काही बघत नाहीत. हातात पाव, पावावर बोटभर आमचंच लोणी, आणि मी चप्पल काढायच्या आत, "जावईबापू, लोणी घसरलं म्हणे!" टीव्हीवर एक टायवाला. त्याच्यामागे एक लाल बाण, घसरगुंडीवरून पोरगं आपटावं तसा खाली आलेला. आणि टायवाला म्हणतोय, "परदेशी गिऱ्हाईक आता लोण्याला विटलं आहे. तिकडची नवी पिढी सडपातळ होऊ पाहते आहे." उचलली जीभ लावली टाळ्याला! अहो, कसली पिढी आणि कसली सडपातळ? एका माणसानं दार उघडलं हो! एका माणसानं! पण टायवाल्याला कोण सांगणार? मी टीव्हीला सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, शेजारी ऐकतात!" ऐकू दे! सगळ्या आळीला कळू दे, लोणी तेच, महिना वेगळा!

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब. भिंतीवर तोच लाल बाण, आता मोठा केलेला. "हे काय आहे?" मी म्हटलं, साहेब, हा माल बंदरात उभा आहे, परवा निघतोय. "तो पुढच्या महिन्यात मोजायचा." होय साहेब, पण लोणी तेच... "मला कारणं नकोत, मला वाढ हवी. पुन्हा असं दिसलं तर भुकटीच्या गोदामात तुमची खुर्ची तयार आहे." खुर्ची! त्या गोदामात खुर्ची कुठली? पोत्यावर बसतात तिथं! माझ्या छातीत तिथल्या तिथे खरखर सुरू झाली. साहेबांच्या केबिनमध्ये, हो, भुकटीपासून लांब, नुसत्या नावानं.

आता पुढचा महिना. ऐका हं. सुरुवातीला आधीचा राहिलेला माल सुटला आणि अखेरीला त्या महिन्याचा सुटला. दोन्ही एकाच महिन्यात! मग काय व्हायचं ते झालं. बाण हिरवा! आणि असा वर गेलेला, की टीव्हीच्या चौकटीत मावेना. सासरेबुवा उठून उभे! "जावईबापू, विक्रम केलात म्हणे!" आणि टायवाला, तोच, टाय मात्र वेगळा, म्हणतोय, "जगाच्या जिभेवर पुन्हा लोण्याची चव रुजली आहे." मागच्या महिन्यात सडपातळ झालेली ती पिढी कुठे गेली हो? तिचं पोट एका महिन्यात सुटलं? कुणी विचारायचं?

कचेरीत केक. केकवर हिरवा बाण. साहेबांचं भाषण, "मी गेल्या महिन्यात जो दम भरला, त्याचं हे फळ आहे." टाळ्या. मी उभा राहिलो. माझा मूर्खपणा दुसरं काय! म्हटलं, साहेब, फळबीळ काही नाही, हे मागचंच आहे, लोणी तेच... साहेबांनी केकचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. अख्खा! आणि मी चघळत असताना फर्मावलं, "आता पुढच्या महिन्यात ह्याच्या पुढे जायचं!" मी म्हणतोय, गाई तेवढ्याच आहेत हो, पण तोंडात केक, "गाफी फेफ्याफ" असं काहीतरी बाहेर पडलं, आणि सगळे म्हणाले, बघा, आनंदानं बोलता येईना त्याला.

आणि आता तिसरा महिना. हा खरा संताप. तुम्हाला सांगतो, माझ्या सगळ्या नोकरीत इतका शहाणा महिना झाला नव्हता. थर्मामीटर रजेवर! साडूच्या घरी गेला होता, तिथली काय काय दारं उघडली असतील देव जाणे. माल वेळेवर निघाला, वेळेवर पोचला, दाराला कुणी हात लावला नाही, जहाज वेळेवर सुटलं. जेवढं लोणी त्या महिन्याचं, तेवढं त्याच महिन्यात गेलं. एक डबा इकडचा तिकडे नाही! मी घरी आलो तो गाणं गुणगुणत. ही म्हणाली, "काय झालं? बरं वाटत नाही का?"

आणि सासरेबुवा टीव्हीसमोर. पाव हातात, लोणी न लावलेलं. टीव्हीवर लाल बाण. "निर्यात निम्म्यावर कोसळली!" अहो, कोसळली कसली? ती जागेवर आली! आधीचा महिना फुगलेला होता, दोन महिन्यांचं एकात आलेलं, त्याच्यापुढे सरळ चाललेला महिना निम्माच दिसणार ना? शाळेतल्या पोराला विचारा! पण टायवाला म्हणतो, "लोण्याची लाट ओसरली." आणि साहेबांनी मला आत बोलावून बसायलाही सांगितलं नाही. जो महिना बिघडला, त्याला दम. जो फुगला, त्याला केक. आणि जो एकच महिना नीट झाला, त्याला शिक्षा! भुकटीचं गोदाम! आणि माझ्या जागी कोण? साहेबांचा मेव्हणा. त्यानं लोणी पाहिलंय ते फक्त पावावर!

गेलो. काय करणार? नाकाला फडकं बांधलं आणि गेलो. पहिल्याच दिवशी खोकला दारात उभा, जुन्या मित्रासारखा. संध्याकाळी घरी आलो तर ही दार उघडून नुसती बघत राहिली. फडकं घेतलं, धुतलं, वाळत घातलं आणि आत जाऊन रडली. मला ऐकू आलं हो. त्या बाणांनी माझ्या बायकोला रडवलं. त्याचा आलेख काढणार का कुणी? सासरेबुवांनी त्या दिवशी टीव्ही लावलाच नाही.

आता पुढे ऐका. मी गोदामात जायच्या आदल्या महिनाअखेरीला भुकटीचा माल बंदरात अडकला होता. का? थर्मामीटर! लोण्याचं जहाज सुटल्यावर रजेवरून परत आला तो थेट भुकटीवर! "भुकटी कोरडी आहे का, बघू" म्हणून पोतं उघडलं, आणि हात घातला. कसला हात? नुकताच तोंड धुवून आलेला ओला हात! बाहेर काढला, बोटांना गोळे. "बघा! ओली झालीय!" माल बाजूला, जहाज गेलं. तो सगळा माल मग सुटला कधी? मी गोदामात रुजू झालो त्या महिन्याच्या सुरुवातीला! आणि अखेरीला त्या महिन्याचा सुटला. बाण? हिरवा! चौकटीबाहेर! आणि तिकडे मेव्हण्याचं लोणी त्याच अखेरीला फाटकावर, दार उघडलंय, लागलंय, उघडलंय, लागलंय... बाण? लाल!

मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. बसायला सांगितलं. पाणी मागवलं. म्हणाले, "चमत्कार केलात! महिन्याभरात भुकटी कुठल्या कुठे नेलीत." मी म्हटलं, साहेब, मी फक्त खोकलो हो तिथे. "हा तुमचा विनय. ऐका, तिकडे लोण्याची फार वाईट अवस्था आहे. कुणीतरी खमका माणूस पाहिजे. लोणी तुम्ही सांभाळा. बढती समजा."

मी म्हटलं, साहेब, तिथूनच तर तुम्ही मला... नालायक म्हणून...

"तो गेला महिना," साहेब म्हणाले.

घरी आलो. ही हसली, कितीतरी दिवसांनी. टीव्ही चालू. सासरेबुवांनी पावाला लोणी लावून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "जावईबापू, लोण्याला नवा माणूस आणलाय म्हणे! फार हुशार आहे म्हणतात. जरा शिका त्याच्याकडून!" मी तोंड उघडलं होतं सांगायला. खोकला आला. मग म्हटलं, जाऊ द्या, कुणाकुणाला समजावत बसणार... पावाचा घास घेतला आणि मनाशीच म्हटलं, माणूस तोच, महिना वेगळा.