पाच चुकांचा कागद

मोघम नको, बाई, नेमकं सांगा. मीही नेमकंच सांगते — सन दोन हजार सहा, महिना नोव्हेंबर, थंडी नुकती पडू लागलेली, आणि आमची भाची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, माझ्यापाशीच वाढली, याच कचेरीत बाहेरच्या मेजावर टंकलेखन करते — ती मला म्हणाली, मावशी, मला पॅरालीगलचं, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाचं, प्रमाणपत्र करायचं आहे. फी किती? तर माझे तीन पगार. मी म्हटलं, कशाकरता? मी इथे मॅट्रिकवर लागले, एक्केचाळीस वर्षं झाली, तीन वकिलांचे कागद निस्तरले, त्या तिघांपैकी एकालाही स्वल्पविराम कुठे द्यावा हे ठाऊक नव्हतं — मला कुणी प्रमाणपत्र विचारलं? नाही विचारलं. पगारही नाही वाढवला, ती गोष्ट वेगळी. बसा. वकीलबाई कोर्टातून यायला अजून अर्धा तास आहे. पिशवी मेजावर नको, खाली ठेवा. आणि हळू बोला, दार उघडं आहे, ती पलीकडेच बसते.

तर तुमचं प्रमाणपत्र किती महिन्यांचं? नऊ. आणि नऊ महिन्यांच्या जोरावर तुम्हाला आतलं मेज, शिवाय पगार भाचीच्या दीडपट — हो, तुमच्या मुलाखतीचं पत्र मीच तयार केलं, मला ठाऊक नसेल? भाचीनंही ते वाचलं. वाचलं आणि गप्प बसली. भांडली असती तर मी चार शब्द ऐकवले असते. पण तिचा अबोला मला सोसत नाही — म्हणजे कामाचा खोळंबा होतो. पाच महिने हेच चाललं आहे. तुमच्याआधी तीन प्रमाणपत्रवाले येऊन गेले. तिघांनाही मी हाच कागद दिला. मृत्युपत्र आहे, त्यात मी मुद्दाम पाच चुका पेरल्या आहेत. पहिल्याला दोन सापडल्या, दुसऱ्याला तीन, आणि तिसरा मला म्हणाला, अक्षर सुरेख आहे हो — टंकलिखित कागदाला. घरी जाऊन मी भाचीला सांगितलं, बघ, दुरून डोंगर साजरे. ती म्हणते, मावशी, तुलाही न सापडलेली एखादी चूक असेलच की. मी म्हटलं, दाखव.

ही घ्या पेन्सिल. टोक केलेली आहे, दाबू नका.

झालं? इतक्यात? पाहू. वय अंकात एक, अक्षरात दुसरं — बरोबर. खोलीचा क्रमांक पुढे बदलतो — बरोबर. तारीख, पान क्रमांक, सही एकाच पानावर — ठीक, पाच. पाचही सापडल्या, म्हणजे अगदीच वाया नाही गेली फी. पण ही सहावी खूण कसली? सहावी चूक नाही यात. पेरणारी मी, काय उगवणार ते मला ठाऊक नसेल? — साक्षीदार? साक्षीदार दोन लागतात, दोन आहेत. — काय म्हणालात? सावकाश सांगा. ज्या मुलीला घर दिलं, तिचीच साक्ष घेतली — तर तिचं घर जातं? मृत्युपत्र राहतं आणि तिचाच हिस्सा जातो? असं कुठे लिहिलं आहे? — तिसऱ्या धड्यात. तिसऱ्याच.

नको, पाणी नको. हा नमुन्याचा कागद आहे, नावं बदललेली — म्हणजे मूळ कुणाचं तरी असतंच. दोन खोल्या, खिडकीशी शिवणयंत्र — असं कुणाचंही असू शकतं. मूळ कागदावर सही झाली त्या दिवशी कचेरीत शिपाई होता आणि भाची होती, मी म्हटलं, कर गं सही, बाहेरचा माणूस कशाला? तिनं वाचलंसुद्धा नाही, मावशी सांगते म्हणून केली. वकिलांना दाखवायला हवं होतं? त्यांचे कागद मी तपासते, बाई, माझा त्यांनी काय तपासायचा? सात वर्षं तो माझ्या कपाटात आहे आणि मी निर्धास्त. आणि तो माझा चुलतभाऊ, माझ्या आजारपणात एकदा फिरकला नाही, पण खोल्यांचं माप मात्र घेऊन गेला — असो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. अतिशहाणी म्हणायचं तर तसं म्हणा.

फी हप्त्यानं घेतात की एकरकमी? एकरकमीच बरी. शेवटची तारीख? — परवा. म्हणजे उद्याच भरावी. तर टिपून घ्या, नेमकं: सन दोन हजार सात, अठ्ठावीस मार्च, बुधवार, ऊन तापू लागलेलं, प्रकरण निकाली निघालं. तिला तुम्ही काही बोलायचं नाही. मीच सांगेन, फी भरली एवढंच सांगेन, का भरली ते नाही. हसू नका.

जिन्यात चपला वाजल्या, वकीलबाई आल्या. तो कागद इकडे द्या. पेन्सिलही. नोकरी मिळो न मिळो, पाच वाजता खाली दाराशी थांबा — मला नव्या कागदावर साक्षीला माणूस हवं आहे, आणि तुम्ही चालाल, कारण तुम्हाला मी काहीही देणार नाही. जा आत.