हाकेला ओ

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपले माजी प्राचार्य, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या बाई, आणि खुर्ची न मिळूनही दाराशी थांबलेल्या सज्जनहो,

'विद्वानांत हा मध विकणारा कशाला?' असं तिसऱ्या रांगेत आत्ताच कुणीतरी पुटपुटलं. कान तिखट आहेत माझे. रागावलो नाही, मलाही तोच प्रश्न पडलाय.

बाईंनी आयुष्य एका रोमन कवीला वाहिलं. शेती, गुरं, मधमाश्या हे त्याचे विषय. बाईंचे यजमान म्हणायचे, "आमच्या घरात आम्ही तिघं. त्यातला एक दोन हजार वर्षांपूर्वी वारलाय."

बाईंनी त्याच्यावर पुस्तक लिहिलं. मुद्दा असा, की या गृहस्थाने माशी जवळून पाहिलीच नाही, सगळं इतरांचं वाचून ठोकून दिलं. पुस्तक छापखान्यात जाणार, त्यावर विभागप्रमुखपद मिळणार. एकदा खात्री करावी म्हणून बाई माझ्या मधमाश्यांच्या पेट्यांपाशी आल्या.

"मधवाले, हा लिहितो, मोहोळ उठण्याआधी आत तुतारीसारखा तुटक आवाज घुमतो. थापच ना?"

नशीब बघा, एका पेटीत त्याच आठवड्यात तेच चाललं होतं. म्हटलं, "बाई, कान लावा. एक राणी हाक मारतेय, आणि कोषातल्या, अजून न जन्मलेल्या राण्या तिला ओ देतायत."

लावला. किती वेळ वाकून उभ्या! गालावर माशी चालत होती, पण हलल्या नाहीत. वर पाहिलं तेव्हा डोळे भरलेले. "अहो, हा माणूस असाच वाकला होता हो कुठेतरी!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुस्तक मागे घेतलं. अध्यक्षमहाराज, मी तेव्हा आपल्या खोलीबाहेर मधाच्या बाटल्या घेऊन बसलो होतो, आणि दार पातळ होतं. आपण म्हणालात, "छापून टाका हो! तो काय कोर्टात जाणार आहे?"

बाई म्हणाल्या, "जाऊ शकत नाही, सर. म्हणूनच."

पद दुसऱ्याला गेलं. पुस्तक नव्याने लिहायला नऊ वर्षं लागली. जिवंत माणसाची माफी मागतानाही आपली जीभ जड होते. इथे, बाजू मांडायला ज्याचं कुणीच उरलं नाही, त्याच्यावर खोटा आळ नको म्हणून बाईंनी हातचं पद सोडलं! चाळीस वर्षं माश्यांत काढली, पण अंगावर असा काटा कधी आला नाही.

बोलावलंत, ऐकून घेतलंत, उपकार झाले. अध्यक्षांनी पातळ दाराचं पोटात घालावं. आणखी काही चुकलं असेल, तर बाई, तुम्हीच दुरुस्त करा. ते तुमच्याइतकं कुणाला जमलंय?