दिवसाउजेडी शिरासागी

हॅलो? … हॅलो, चिझुरू? हां, मीच. आधी शांतपणे ऐक, मध्ये बोलू नकोस. एकोणतीस वर्षं ओसाकात काढलेल्या माणसाला या शहरातली एकही गल्ली परकी नसते… हो, बाहेरून आलेल्या माणसाला, तेच म्हणतोय… अगं, माणूस शहरात राहतो असं लोक समजतात. चूक. शहर माणसात राहतं. तेन्माच्या गल्ल्या तर मी डोळे बांधून… काय? … नाही, भाषण नाही हे. … मी हरवलोय.

तेन्मातच. … हो, हो, स्टेशनच्या मागे. … हो, घरापासून तीन स्टेशनं. हसून झालं की सांग.

अगं ऐक ना. मी नेहमीच्याच दारानं बाहेर आलो. नेहमीसारखा डावीकडे वळलो. आता नेहमी काय असतं? आधी लाल कंदील, मग तो निळा दिव्यांचा मासा, शेपटीचे दिवे गेलेला, मग ऑक्टोपस भाजणाऱ्याचा धूर. धुरातून बाहेर पडलं की उजवीकडे. सोपं आहे! आज कंदील नाही, मासा नाही, धूर नाही. सगळी शटरं खाली. बियरचे रिकामे क्रेट, सायकली, आणि वर दोरीवर कुणाच्या तरी चड्ड्या वाळतायत. … अगं, दिवसा मी इथे कधी आलोय? एकोणतीस वर्षांत एकदाही नाही. दिवसा मी शाळेत इंग्रजी शिकवत होतो. ही गल्ली मला फक्त रंग लावलेली माहीत आहे. तोंड धुतल्यावर कशी दिसते ते आज बघतोय, आणि ओळखूच येत नाही.

सव्वाचार.

नाही, संध्याकाळपर्यंत थांबून चालणार नाही, तोच तर घोळ आहे! तो बगळ्याचं चित्र असलेला बार… शिरासागी… तो बंद होतोय. कायमचा. मालकीणबाईंनी पोस्टकार्ड धाडलं होतं. आज पाच वाजता त्या किल्ली घरमालकाच्या हाती देणार. ज्यांच्या बाटल्या फळीवर आहेत त्यांनी त्याआधी घेऊन जाव्यात. ज्या राहतील त्या मोरीत ओतणार.

हो, बाटली. माझी. विकत घेऊन, नाव लावून तिथेच ठेवलेली. … शोचूची. … अर्धी. अर्ध्याहून थोडी कमीच असेल. … माहीत आहे गं, कोपऱ्यावरच्या दुकानात अख्खी मिळते. … नाही, तशी नाही मिळत. … कशी म्हणजे? ही… ही वेगळी आहे.

रडत नाहीये. थंडी आहे इथे.

बरं, ते सोड. माझ्या तपकिरी कोटाच्या खिशात बघ, शिरासागीची काडेपेटी असेल. तिच्यावर पत्ता आहे. … आतल्या खिशात. … दुसऱ्या. … बरं, नसेल तर नसेल. मग तो जुना… काय? … बगळ्याचं चित्र असलेली? पांढरा बगळा, एका पायावर उभा? … कुठे आहे म्हणालीस?

बाबांच्या खणात.

… असेल की. त्यात काय? काडेपेट्या फिरत असतात. … किती? … नऊ?

हे बघ, बाबांना बगळे आवडत असतील. मला काय ठाऊक? तुझे वडील माझ्याशी बोलायचे का कधी? एकोणतीस वर्षांत मला नावानं हाक मारली त्यांनी? ‘ओ’ म्हणायचे. ‘ओ, मीठ इकडे.’ … मग? मला कसं माहीत असणार?

चिझुरू, चार पंचवीस झाले. आधी पत्ता वाच. चौकशी रात्री कर. … दोन चोमे… हं… सहा… चौदा. दुसरा मजला. थांब, इथे खांबावर पाटी आहे. दोन, सहा… अकरा. म्हणजे जवळ आलो. … बारा. … हे नळाचं मीटर आहे, पत्त्याची पाटी नाही. … तेरा. … अगं, तेराच्या पुढे पंधराच! … मी ओरडत नाहीये! हां, थांब, चौदा मागच्या बाजूला आहे. एक जिना आहे. पण हा तो जिना नाही. त्या जिन्यावर गुलाबी उजेड असतो. हा जिना… हा जिन्यासारखा जिना आहे. वर पाटी नाही. भिंतीला नुसती चार भोकं आहेत.

थांब हं, इथे एक म्हातारी आहे, रबरी बूट घालून पायऱ्या धुतेय. विचारतो.

अहो आजी… माफ करा हं… इथे शिरासागी नावाचा बार कुठे आहे? … बार, बार. … नाही? … या गल्लीत नाही? … पक्कं?

नाही म्हणते. असा बारच नाही म्हणते इथे. अगं, मी अकरा वर्षं दर गुरुवारी जिथे बसलो तो बार नाही कसा? … हो, हो, शाळेच्या मीटिंगा. दर गुरुवारी. … हे बघ, काही मीटिंगा खरंच होत्या.

आजी, जरा आठवून बघा ना. पांढरा बगळा… किनुएबाई म्हणून मालकीण आहेत… छान रेशमी किमोनो, उंच अंबाडा… वय? वय असेल… पंचेचाळीस… फार तर अठ्ठेचाळीस.

चिझुरू, ही म्हातारी वेडी दिसते. नळी टाकून हसायला लागली. माझ्या बुटांवर पाणी. … काय म्हणता आजी? … ‘त्या बेसुऱ्या लोकांच्या अड्ड्यात कशाला जाता?’ … अहो, तुम्ही तर म्हणालात असा बारच नाही! … हं? … ‘एक परदेशी येतो, दर वेळी तेच गाणं म्हणतो, आणि दर वेळी दुसऱ्या कडव्यात हरवतो.’

अगं, असे परदेशी पुष्कळ असतात. … नाही, मी दुसऱ्या कडव्यात हरवत नाही. मी तिथे थांबतो.

काय? … फोन तिच्या तोंडापाशी धरू? कशाला? … बरं, बरं, धरतो. आजी, जरा पुन्हा बोला, माझी बायको ऐकतेय. … हां.

… ऐकलंस? … काय झालं? … चिझुरू? … कोण? … हनाओकाबाई? कोण हनाओकाबाई? … शोगीच्या क्लबच्या?

… दर गुरुवारी? काय सांगायच्या फोनवर? … ‘आज बाबांचा डाव लांबणार, जेवणासाठी थांबू नका.’ … अकरा वर्षं. … तोच आवाज? खात्री आहे तुला?

थांब. थांब जरा.

… आजी, तो डोक्याचा रुमाल जरा मागे घेता का?

अरे देवा.

नाही, चिझुरू, काही झालं नाही. किनुएबाई आहेत. … हो, याच. … अंबाडा खोटा होता. … किनुएबाई, मला माफ करा, उजेडात ओळखलं नाही. … नाही, नाही, आजी म्हणालो ते… आजी म्हणजे आदरानं. … हो, पंचेचाळीस मनापासून म्हणालो. … तुम्ही मला आधीच ओळखलं होतं? मग ‘नाही’ का म्हणालात? … ‘पाटी उतरवली, बार संपला, म्हणजे नाहीच. खोटं कुठे बोलले?’

… हो गं, आहे मी. कुठे जाणार?

सांगतो. सगळं सांगतो. आधी ओरडून घे.

…

झालं? बरं. तर ऐक. बाबा शोगी खेळत नव्हते. क्लबही नव्हता. बाबांना सोंगट्या मांडता तरी येत होत्या का, मला शंका आहे. ते इथे यायचे. दर गुरुवारी. आणि मीही. … एकदा समोरासमोर आलो, अकरा वर्षांपूर्वी, पावसात. मी आत आलो तर कोपऱ्यात बाबा! त्यांनी मला बघितलं, मी त्यांना. जागा एकच रिकामी. त्यांच्या शेजारची. बसलो. … काय बोलणार? काही नाही. त्यांनी त्यांची बाटली माझ्याकडे सरकवली, एवढंच.

नाही गं, नंतरही नाही बोललो. अकरा वर्षं. घरी जे बोलत नव्हतो तेच तिथे बोलत नव्हतो. पण तिथे बरं वाटायचं. … मी कसं सांगू तुला? पहिल्याच दिवशी निघताना दारात म्हणाले, ‘ओ. चिझुरूला कळलं की आपलं जमतं, तर ती आपल्याला दर रविवारी जेवायला एकत्र बसवेल.’ … आता तूच सांग, बसवलं असतंस की नाही? … बघ! … ते काय चुकीचं बोलले?

बाटलीवर नाव मोरिवाकीच आहे. त्यांचंच. … हो, ‘माझी’ म्हणालो. दोघांची होती. … मार्चपासून हात नाही लावला. ते गेल्यावर एकटा कसा बसू? इकडे फिरकलोच नाही. परवा ते पोस्टकार्ड आलं आणि…

चार चाळीस. चाललो वर. … हो, किनुएबाई किल्ली घेऊन पुढे आहेत. … अगं, जिना तोच आहे! सातवी पायरी हलते. पायाला आठवतंय, डोळ्यालाच नाही.

आत आलो. दिवा नाही. खिडकी उघडी आहे. इथे खिडकी होती? … फळीवर आता तीनच बाटल्या आहेत. ही आपली. गळ्यात पाटी. … हो, त्यांचंच अक्षर, मोरिवाकी. चिकटपट्टी पिवळी पडलीये. … आणि लेबलावर त्या पेन्सिलीच्या रेघा. दर गुरुवारी निघताना ते रेघ मारायचे, शेजारी तारीख. म्हणजे मी मध्येच एकटा येऊन प्यायलो तर पकडला जाईन. … हो, असेच होते ते. तुला काय नवीन सांगतोय?

शेवटची रेघ, सत्तावीस फेब्रुवारी. त्यानंतर ते इस्पितळात… थांब. ही शेवटची नाही. खाली आणखी एक आहे. … आणि शोचू हिच्या बरोब्बर काठाशी आहे. … किनुएबाई, इथे काय लिहिलंय? … चौदा मार्च.

चिझुरू, चौदा मार्चला ते इस्पितळात नव्हते का? … होते ना? तीन तारखेपासून ना? मग? … किनुएबाई, हे कुणी… नाही, मला काही समजत नाहीये, जरा सावकाश सांगा… काय म्हणता? … दुपारी? बार बंद असताना?

… चिझुरू. त्या दिवशी नर्सनं तुला फोन केला होता ना, पेशंट दोन तास सापडत नाहीये म्हणून? … बागेत बसलो होतो म्हणाले. … हो. बागेत नव्हते. टॅक्सीनं इथे आले होते. इस्पितळाच्या चपलांत. एक घोट घेतला, पेन्सिल मागितली आणि परत गेले. … नाही, मला कसं माहीत असणार? किनुएबाईंना सांगून गेले होते, तो येईल तेव्हा स्वतः बघेल. आणि मी आलोच नाही. आठ महिने.

हो, लिहिलंय पुढे. दोन ओळी. … वाचा ना, किनुएबाई, हे हातचं जपानी अक्षर मला लागत नाही. … हं. …

‘इथपर्यंत माझी.’

… दुसरी मी वाचतो. ती मला येते. ‘खालची डेक्लनची.’

…

हो. नाव. … ‘ओ’ नाही. नाव. माझं नाव मला वाचता येतं गं, तेवढं येतं.

…

चिझुरू? … आहेस ना?

…

इकडे? आत्ता? … अगं, पाचला किल्ली… थांब, किनुएबाई काही म्हणतायत. … त्या म्हणतात, मुलीला येऊ दे. घरमालकाला त्या चहा पाजतील, सहापर्यंत हलत नाही तो. … आणि म्हणतात, हनाओकाबाई म्हणून माफी मागायची आहे. … ते तू आणि त्या बघा. मला मध्ये घेऊ नका, मला आजच्यापुरतं पुरे झालंय.

नाही, नाही, तू येईपर्यंत नाही उघडत. शपथ. … हो, पेन्सिलही आहे.

मग असं कर, काडेपेटी बरोबर घे, पत्ता आहे तिच्यावर. आणि घरून पेले आण, इथले सगळे बांधून झालेत. … लहानच आण. तीन. … नाही, चार आण. … हो, बाबांचा.

आणि अगं, अगं, ठेवू नकोस! जिन्याखाली आलीस की मोठ्यानं हाक मार आणि तूच वर ये. … घ्यायला? नाही गं, मी खाली नाही उतरणार. … एकदा उतरलो, तर परत ही जागा सापडायची नाही मला.